लग्नाचा हंगाम आणि जंगलाचा हंगाम

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील फोटोग्राफर बांधवांपुढे दरवर्षी उन्हाळ्यात एक पेच उभा राहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या पुढे जातो, ताडोब्यातील पाणी आटू लागते आणि वाघ पाणवठ्यावर येतो. जंगलातील उत्तम छायाचित्रे मिळण्याचे हेच दिवस. नेमक्या याच दिवसांत लग्नाच्या तारखाही लागलेल्या असतात. वर्षाची निम्मीअधिक कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची, त्याच दोन महिन्यांत मन मोहर्लीच्या गेटवर लागलेले असते.

हा पेच पूर्वी इतका मोठा नव्हता. रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये 36 फोटो, आणि प्रत्येक बटण दाबताना खर्च डोळ्यांपुढे दिसे. हौसेला आपोआप लगाम होता. शिवाय स्टुडिओचे रोजचे पोट पासपोर्ट फोटोवर भरत असे. 1993 पासून मतदार ओळखपत्रे आली, तसे ओळखीसाठी फोटो ही घरोघरची गरज बनली. हज अर्जासाठी, रेशन कार्डासाठी, मुलांच्या दाखल्यासाठी माणूस स्टुडिओत येत असे. पुढे डिजिटल कॅमेरा आला, 2010 पासून आधारच्या केंद्रावर फोटो तिथल्या तिथे निघू लागला आणि मग मोबाइलने उरलेले गिऱ्हाईकही नेले. 2012 साली कोडॅकसारख्या कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तेथे जटपुरा गेटजवळच्या स्टुडिओची काय कथा! आता फोटोग्राफरच्या हातात मोठे काम उरले ते लग्नाचे. आणि फोटो काढायला खर्च लागत नसल्यामुळे हौस मोकाट सुटली.

यावर दोन प्रकारचे सल्ले दिले जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हौस सोडा, धंदा पाहा. तरुण मित्र म्हणतात, लग्नाची कामे कशाला, मोठी लेन्स घ्या आणि जंगल गाठा. आमच्या मते दोन्ही सल्ले नुकसानीचे आहेत.

हौस सोडलेला कारागीर हळूहळू यंत्र बनतो. तेच स्टेज, तेच हार, तीच वधूवरांची उभी जोडी. त्याचा अल्बम आणि शेजारच्या दुकानाचा अल्बम यांत फरक राहिला नाही की गिऱ्हाईक फक्त दर विचारते. छायाचित्रणाच्या इतिहासात नाव राहिलेल्या माणसांनी दोन्ही कामे केली. लाला दीनदयाळ हे मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातील नकाशे काढणारे नोकरदार. नोकरीत असतानाच त्यांनी कॅमेरा हाती घेतला, मध्य भारतातील जुन्या इमारती टिपल्या. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि मुसव्विर जंग हा किताब दिला. दरबार, शिकारी, पाहुणे ही सगळी ऑर्डरीचीच कामे होती, तरी आज संग्रहालये ती जपून ठेवतात. अलीकडचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबईत वृत्तपत्राची नोकरी सांभाळून त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या सल्ल्याबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे व 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. मुंबई, पुणे, हैदराबादहून लोक काही लाखांच्या लेन्स घेऊन येथे येतात. त्यांतील बरेच डॉक्टर, इंजिनिअर, मोठे अधिकारी असतात. त्यांना फोटो विकायचा नसतो, म्हणून ते फुकट देतात. जेथे उत्तम माल फुकट मिळतो, तेथे दुकान मांडून काय उपयोग? वाघाचा फोटो काढू नका असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या भरवशावर हप्त्याने लेन्स घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. हप्ता दर महिन्याला येतो. वाघ येत नाही.

स्थानिक फोटोग्राफरजवळ जे भांडवल आहे ते बाहेरच्या माणसाजवळ नाही. तो बाराही महिने येथे आहे, त्याला झाडीबोली समजते, गावात त्याला ओळखतात. जुलैत भाताची रोवणी, मार्चच्या अखेरीस पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाया, मेमध्ये तेंदूपत्त्याची फळी, मार्कंड्याची जत्रा, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते तो पात्राचा विस्तार, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट. ही छायाचित्रे दोन दिवसांच्या सफारीत मिळत नाहीत.

यातून कमाईही निघू शकते. वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे माहेरघर. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री देण्यात आली. नाटक कंपन्यांना दरवर्षी नव्या जाहिराती लागतात, म्हणजे फोटोही लागतात. ऑर्डर घेऊन पोस्टरचे काम करावे आणि मग रंगपटात, पडद्यामागे स्वतःसाठी थांबावे. आरमोरीचे कोसा विणकर, भद्रावतीचे मातीकाम, बांबूच्या वस्तू करणारे बुरूड बांधव यांनाही आता माल दूरच्या गिऱ्हाइकाला फोटोवरूनच दाखवावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या अंधूक फोटोमुळे चांगल्या कापडाचा रंगही मळका दिसतो. या पानाच्या कारागीर वाचकांनी आपल्या गावच्या फोटोग्राफरला या कामासाठी जरूर विचारावे, आणि पैसे देऊन विचारावे.

आता कायद्याची एक बाब, जी पुष्कळांना ठाऊक नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. परंतु कलम 17 प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या खर्चाने काढलेला फोटो मात्र काढणाऱ्याच्याच मालकीचा, आणि काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर पुढे 60 वर्षे तो हक्क टिकतो. म्हणजे लग्नाच्या फोटोची मजुरी एकदा मिळते, तर हौसेच्या फोटोची मिळकत, झालीच तर, मुलांपर्यंत जाते. म्हणून दोन्ही कामांची कार्डे वेगळी, हार्ड डिस्क वेगळी आणि वहीही वेगळी ठेवावी. बयाणा घेताना दोन ओळींचा करार लिहावा: फोटो केव्हा देणार, किती देणार आणि नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी आहे की नाही.

लग्नघरातील फोटो ही अमानत असते. विशेषतः आपल्या घरांतील जनान्यातले फोटो दुकानाच्या काचेत किंवा मोबाइलवर जाहिरातीला लावणे म्हणजे विश्वासघातच. हौसेच्या प्रसिद्धीसाठी गिऱ्हाइकाची अब्रू वापरता येत नाही.

राहिला तारखांचा प्रश्न. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग आणि इस्लामी कॅलेंडर शेजारी ठेवून बसावे. रमजानमध्ये निकाह क्वचितच होतात. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो (2030 साली तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस असा दोनदा येईल). चातुर्मासात हिंदू बांधवांचे विवाह थांबतात. तेव्हा ताडोब्याचा गाभाही बंद असतो, पण रोवणी, नद्या आणि मामा तलाव कोणी बंद करीत नाही. उन्हाळ्यातले चार-पाच दिवस मात्र आधीच स्वतःच्या नावावर राखून ठेवावेत आणि त्या तारखांना कितीही मोठी ऑर्डर आली तरी दुसऱ्या फोटोग्राफरकडे पाठवावी. आणि एकदा लग्नाची तारीख कबूल केली की सफारीचे बुकिंग मिळाले म्हणून मदतनिसाला पाठवून देण्याचा प्रकार होता कामा नये. लग्न पुन्हा होत नाही.

हे चार-पाच दिवस मोकळे करण्याचा एक उपाय घरातच आहे. जनान्यातील फोटोंसाठी आपल्या समाजात बाईच फोटोग्राफर हवी असते आणि ती सहसा मिळत नाही. ज्या घरात स्टुडिओ आहे त्या घरातील मुलींना एडिटिंग बहुधा येतेच, कॅमेराही शिकवावा. कामाचा बोजा वाटला जाईल आणि आज न मिळणाऱ्या ऑर्डरीही मिळतील. फक्त तिच्या कामाचा दर भावाच्या निम्मा लावू नये.