सूड उगवला, पण समाधान?

तळ्यात नाव. नावेत तिघे. एक जण पाण्यात पडतो, प्रेयसी गयावया करते आणि मित्र म्हणवणारा मात्र शांतपणे वल्हे मारत राहतो. के. बालचंदर यांच्या 'मूंड्रु मुडिच्चु' (१९७६) या तमिळ चित्रपटातला हा प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. बुडणारा बालाजी कमल हासन, सेल्वी श्रीदेवी आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला प्रसाद म्हणजे रजनीकांत, बंगळूरच्या मराठी कुटुंबातला शिवाजीराव गायकवाड.

सेल्वीचा सूड अजब आहे. ती प्रसादच्या विधुर वडिलांशी लग्न करते. जिला बायको करायची, तिलाच आता त्याने आई म्हणायचे! ना चाकू, ना पोलीस. रोज समोर वावरणारी शिक्षा. चित्रपटाच्या नावाचा अर्थ 'तीन गाठी', मंगळसूत्राच्या. त्याच गाठी तिचे शस्त्र होतात.

प्रेक्षक सुखावतो. पण हिशेब मांडला तर? प्रसादला कोंडण्यासाठी ती स्वतःही त्याच घरात कोंडून घेते, बापाच्या वयाच्या माणसाची पत्नी होऊन. श्रीदेवी तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती, हे आठवले की ती खलनायकाची फजिती आणखीच कडू लागते.

ज्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, चित्रसृष्टीने ही सेल्वी दिली, तिथेच मरीना किनाऱ्यावर 'शिलप्पदिकारम' महाकाव्यातल्या कन्नगीचा पुतळा आहे. राणीचे पैंजण चोरल्याच्या खोट्या आळावरून राजाने तिच्या पतीचा जीव घेतला. तिने भर दरबारात आपले पैंजण फोडले. आत माणके निघाली. राणीच्या पैंजणात तर मोती होते! चूक उमगताच राजाने प्राण सोडला. मग तिच्या क्रोधाने मदुराई जळाली.

पती दोघींनाही परत मिळाला नाही. सेल्वीचा तर होण्याआधीच गेला. पण कन्नगीचा अन्याय राजाने सर्वांदेखत मान्य केला. सेल्वीच्या दुःखाला दरबारच नाही. नावेतली साक्षीदार ती एकटीच. म्हणून तिचा सूड बघताना टाळी वाजते, पण घरी जाताना मन जड होते.

१९६८ मध्ये उभारलेला कन्नगीचा पुतळा २००१ मध्ये हटवला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. २००६ मध्ये तो परत बसवला. तिच्या हाती आजही आग नाही, पैंजण आहे. तिचा पुरावा.