बिबट्याची विष्ठा आणि बिनपगारी काम



संगमनेर तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. पती मार्केट यार्डात हमाल, त्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस. थोरली मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. घरातली पहिली पदवीधर. वस्तीत पेढे वाटले, विहारात सत्कार झाला. आता मुलगी म्हणते, मला वन्यप्राण्यांच्या कामात जायचे आहे. एका संस्थेत सहा महिन्यांसाठी 'स्वयंसेवक प्रशिक्षणार्थी' घेतात. पगार नाही. राहायला खोली देतात, जेवणाचा आणि गाडीभाड्याचा खर्च आपला.

पुढचे त्यांच्याच शब्दांत वाचा. "भाऊ, पोरीला आम्ही विचारलं, तिथं काम काय असतं? ती म्हणली, बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची. हे सासूबाईंनी ऐकलं अन् घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. त्या म्हणतात, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं वढायची सोडवली, अन् ही शिकून सवरून जनावराची घाण येचाया चालली, ती बी फुकट! भाऊ, म्हातारीचं चुकतं का पोरीचं, तुम्ही सांगा. आणि खाली एक विचारते, त्यांनी जंगलातले बूट आणायला सांगितलेत, ते केवढ्याला पडतात?"

पत्र वाचून आम्हाला आधी हसू आले, मग हसल्याची लाज वाटली. आजीबाई शाळेत गेल्या नसतील, पण त्यांनी बोट ठेवले ते नेमक्या दुखऱ्या जागेवर. फुकट राबणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. वतनाच्या नावाखाली गावाने आणि सरकारने पिढ्यान् पिढ्या रात्रंदिवस राबवून घेतले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले आणि वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. अशा घरातल्या मुलीला कोणी म्हणाले की सहा महिने बिनपगारी ये, अनुभव मिळेल, तर आजीच्या पोटात गोळा येणारच.

पण प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक घाणीचा, दुसरा पैशाचा. घाणीचे आधी उरकू, कारण तिथे आम्ही मुलीच्या बाजूचे आहोत.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. ना अभयारण्य, ना राखीव जंगल. माणसे चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. तिथे रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे वाटेवर लावले. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसे एका बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यावरून मोजणी झाली. शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच बिबटे आणि पाच तरस. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. जंगल नसलेल्या जागी, शेतात आणि वस्तीच्या कडेला एवढी जनावरे माणसाबरोबर राहतात, हे शास्त्रज्ञांनाही नवे होते. (उसाला पाणी द्यायला रात्री बारे धरणाऱ्या आपल्या लोकांना ते नवे नव्हते, पण त्यांना कोण विचारतो?)

मग हा बिबट्या खातो काय? इथे विष्ठा कामाला येते. ती धुतली की आत केस, हाडांचे तुकडे, नखे राहतात. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो कुत्र्याचा, शेळीचा की उंदराचा हे कळते. अकोल्यात असे पाहिले तेव्हा वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या पोटात ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरे निघाली. त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असूनही त्या ११ टक्केच, कारण शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रे मोकळे फिरते. म्हणजे वस्तीच्या कडेला उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. आणि गावाच्या कडेला वस्ती कोणाची असते हे आम्ही सांगायला हवे का? उसाला लागून झोपड्या कोणाच्या? अंधारात शौचाला उघड्यावर कोणाची लेकरे बसत होती? आजीबाईंना 'घाण' वाटणाऱ्या त्या विष्ठेने आपल्याच लेकरांच्या जिवाचा हिशेब मांडला आहे. ढोरे ओढणे हे जातीने लादलेले काम होते, नाही म्हणायची सोय नव्हती. हे काम मुलीने स्वतः निवडले आहे, शिकून निवडले आहे. दोन्ही एका तागडीत घालू नयेत.

हे न कळल्यामुळे काय होते तेही शेजारच्या जुन्नरने पाहिले. २००१ ते २००३ या काळात तिथे शंभरावर बिबटे पिंजऱ्यात धरले आणि त्यातले बरेच दुसरीकडे नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले. आधी वर्षाला सरासरी चार, नंतर सतरा. धरलेले जनावर अनोळखी मुलखात बिथरते, सोडलेल्या ठिकाणच्या माणसांना त्रास होतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी नवे जनावर येते. लोकांची पिंजऱ्याची मागणी रास्त भीतीतून येते, आम्ही तिची चेष्टा करणार नाही. पण उत्तर शोधायला कोणीतरी उसात उतरून नोंदी ठेवाव्या लागतात.

आणि तो 'आजोबा' तर आपल्या पारनेर तालुक्यातला. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. पठ्ठ्या महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत २९ दिवसांत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाशी पोचला. २०११ च्या अखेरीस महामार्गावर गाडीखाली मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही निघाला. रोज रात्री तो कुठे आहे ते नकाशावर टिपणे, हेसुद्धा असलेच काम.

आता पैशाचे. इथे आम्ही आजीबाईंच्या बाजूला जाऊन बसतो.

या क्षेत्रातली वाट बहुतेक अशीच आहे, आपल्या देशात आणि परदेशातही. आधी बिनपगारी स्वयंसेवक, मग कुठे तुटपुंजे मानधन, मग प्रकल्पात नोकरी. आफ्रिकेत तर सिंह-हत्तींच्या कामासाठी परदेशी तरुण स्वतःचे पैसे भरून जातात. ज्याच्या बापाचा बंगला आहे त्याला सहा महिने काय, दोन वर्षे फुकट काम परवडते. हमालाच्या मुलीला परवडत नाही. म्हणून मग या कामात शहरी, खात्यापित्या घरची मुले पुढे दिसतात आणि आपली मुले त्यांच्या जीपचे ड्रायव्हर, वाटाडे किंवा स्वयंपाकी म्हणून दिसतात. आवड नाही म्हणून नव्हे. पहिल्या पायरीलाच पैशाचे दार आहे म्हणून.

आमच्या ओळखीचा एक मुलगा असाच एका ठिकाणी चार महिने राहिला. संस्थेचे नाव घेत नाही. साहेबांचे पाहुणे स्टँडवरून आणणे, खोल्या झाडणे, पिंजरे धुणे. पिंजरे धुण्यालाही आमची हरकत नाही, पण शिकवले कोणी काही नाही. शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्रावर आडनावसुद्धा चुकीचे. त्याला आम्ही प्रशिक्षण म्हणत नाही, वेठ म्हणतो.

मग ओळखावे कसे? कागद मागावा. संस्थेने लेटरहेडवर लिहून द्यावे की किती दिवस, काम कोणते, शिकवणार कोण, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, आणि मुलगी असेल तर राहण्याची जागा कुठे, सोबत आणखी कोण बायका आहेत. शेवटच्या प्रमाणपत्रावर 'चांगले काम केले' एवढ्याने भागत नाही. कॅमेरे लावले, विष्ठेचे नमुने तपासले, घरोघर फिरून नोंदी घेतल्या, असे नेमके लिहिलेले हवे. पुढे नोकरी देणारा तेच बघतो. कागद द्यायला जे कां-कूं करतात त्यांच्याकडे जाऊ नये. आणि उलट आपल्याकडूनच फी मागतात त्यांच्याकडे तर मुळीच नाही.

सहा महिने बिनपगारी, या घरातून, नको. असे आमचे स्पष्ट मत. सुट्टीतले चार-सहा आठवडे, जेवणखाणे संस्थेचे असेल तर, जरूर. त्याच्याही आधी फुकटात चाचणी घ्यायची सोय आपल्याच जिल्ह्यात आहे. दर जानेवारीत आशिया खंडभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, १९८७ पासून चालू आहे. आपल्या शेवगाव-नेवाशाला जायकवाडीचे पाणी लागते, ते पक्षी अभयारण्यच आहे. हाताशी मोजणारे हवेच असतात. दुसरी संधी बुद्ध पौर्णिमेची. त्या रात्री अभयारण्यांत पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून येणारी-जाणारी जनावरे टिपतात. उन्हाळ्यात पाणी थोड्याच जागी उरते आणि चांदणे लख्ख असते, म्हणून ती रात्र. अकोल्याच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातही हे होते. आता व्याघ्र प्रकल्पांत त्याला शुल्क लावतात, तेव्हा आधी वन्यजीव विभागाच्या कचेरीत चौकशी करावी. आपली मुले त्या रात्री मिरवणुकीत असतात, खीरदानाच्या रांगेत असतात. एखाद्या वर्षी एकदोघे मचाणावर बसले तर तथागतांची जयंती चुकली असे आम्ही तरी म्हणणार नाही. रात्रभर न बोलता, मोबाइल न काढता बसवते का, हे त्या एका रात्रीत कळते. तेवढ्यावर नोकरी मिळत नाही, पण हौस की खरी ओढ याचा उलगडा होतो. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक कोण, हेही वन खात्यात विचारून घ्यावे. कायद्याने नेमलेले असतात, त्यांना कुठे काय चालू आहे याची माहिती असते.

एक गोष्ट मुलांच्या कानात सांगतो. सर्पमित्र म्हणून गळ्यात नाग घालून फोटो काढणे हे काम नव्हे. परवानगी नाही, विमा नाही, आणि घरी म्हातारे आईबाप. साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो हेही लक्षात ठेवा.

पगारी दारे आहेत, ती आधी ठोठवा. वनरक्षकाच्या २०२३ च्या भरतीत बारावी हवी होती, विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला एक विषय घेऊन. लेखी परीक्षा आणि धाव. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. तिथे स्वयंसेवकाच्या प्रमाणपत्राला गुण नाहीत, तेव्हा 'आमच्याकडे राबा, सरकारी नोकरी लागेल' असे कोणी म्हणाले तर ती थाप समजा. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे लोकसेवा आयोगातून भरतात.

या मुलीला मात्र आमचा वेगळा सल्ला आहे. तिने एम.एस्सी.ला नाव घालावे. पुण्यात पर्यावरणशास्त्राचे आणि जैवविविधतेचे अभ्यासक्रम आहेत, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. आहे, तिथला प्रवेश कठीण, पण अर्ज करायला काय जाते? शिकताना प्रबंधासाठी रानात जावेच लागते. म्हणजे तीच विष्ठा, तेच कॅमेरे. पण फुकटचे राबणे म्हणून नव्हे, परीक्षेचे गुण म्हणून. आणि विद्यार्थिनी म्हणून तिला शिष्यवृत्ती लागू होते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईला वर्षाला ६० हजारांपर्यंत. अटी समाजकल्याण कार्यालयात नीट वाचून घ्याव्यात. पैसे हातात यायला उशीर होतो, पहिले सहा महिने उसनवारी करावी लागेल हे गृहीत धरून चाला. पुढे पीएच.डी. करायची झाली तर बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. कुठल्याही संस्थेच्या बिनपगारी खोलीत राहून यातले काहीच मिळत नाही, कारण स्वयंसेवक हा विद्यार्थी धरला जात नाही.

ताई, सासूबाईंना आमचा जयभीम सांगा. त्यांचे अर्धे बरोबर आहे, मुलीचे अर्धे बरोबर आहे, आणि तो सहा महिन्यांचा कागद सध्या परत पाठवा. जानेवारीतल्या पक्षीमोजणीला मुलीबरोबर तिच्या वडिलांनी जावे, एक दिवसाची हमाली बुडेल तेवढी बुडू द्यावी. बुटांचे म्हणाल तर जंगलातले म्हणून महागडे घेऊ नका. घोट्यावर येणारे, जाड तळाचे, साधे कामगारांचे बूट असतात ते चालतात. मात्र एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे घालावे लागतात.