मॅडम, भूक लागली!

मुलांनो,

शाळेत दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगा बरं? ‘मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?’ याचा नंबर दुसरा. पहिला नंबर ‘मॅडम, भूक लागली!’ या वाक्याचा. पाढे म्हणायला लावले की भूक लागते. शुद्धलेखनाची वही काढायला सांगितली की तर लागतेच लागते. कबड्डीचा डाव रंगात आलेला असताना मात्र ती कुणालाच लागत नाही. आहे की नाही गंमत!

पण हसण्यावारी नेऊ नका हं. भूक म्हणजे काही खोड नव्हे. ती कुठून येते, खरी केव्हा असते आणि आपल्याला फसवते केव्हा, हे एकदा नीट पाहू या.

आपल्या पोटात गुडगुड आवाज येतो ना? तो आवाज ओळखण्यासाठी एका माणसाने चक्क फुगा गिळला होता! १९१२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने रबरी नळीला बांधलेला लहानसा फुगा गिळण्याची सवय केली. फुगा पोटात गेला की त्यात हवा भरायची. जठर आकुंचन पावलं की फुगा दाबला जाई आणि बाहेर कागदावर रेघ उठे. वॉशबर्नने फक्त एवढंच करायचं, भुकेची कळ आली की हातातलं बटण दाबायचं. दोन्ही रेघा जुळल्या! भूक लागली की जठर आवळतं, मग सैल पडतं, पुन्हा आवळतं. म्हणजे भुकेची कळ लाटेसारखी येते आणि जाते. (तुम्ही घरी फुगा गिळायचा नाही, आधीच सांगून ठेवते.)

पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी आतड्यातून एक मोठी लाट फिरते आणि उरलंसुरलं अन्न पुढे ढकलत नेते. गावात आल्याबरोबर आपले गाडगेबाबा आधी खराटा हातात घेत, तसाच हा पोटातला खराटा! ती गुडगुड म्हणजे बरेचदा या झाडलोटीचाच आवाज असतो.

आता जरा पालकांशी बोलते. मुलांनो, तुम्हीही ऐका, तुमच्या फायद्याचंच आहे.

पालकसभेत आया नेहमी सांगतात, “हे पोरगी दिसभर खा-खा करते वो मॅडम. हिच्या पोटात काय कोठी हाय काय?” मुलगा जास्त खाऊ लागला की कौतुक होतं, ‘वाढतं वय आहे’ म्हणतात. मुलगी जास्त खाऊ लागली की तिला खादाड म्हणतात. हा न्याय मला काही पटत नाही. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कोणत्या वयाला किती अन्न लागतं याचा हिशेब ती मांडते. तिच्या २०२० सालच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात असं दिलं आहे. आणि १३ ते १५ वर्षांच्या मुलीला? २४००! त्याच वयाच्या मुलाला २८६०, आणि बैठं काम करणाऱ्या त्याच्या बाबांना २११०. म्हणजे सातवी-आठवीतल्या लेकीला घरात बसून काम करणाऱ्या आईपेक्षा जवळजवळ दीडपट अन्न लागतं. तिची हाडं वाढताहेत, रक्त वाढतंय, उंची वाढतेय. हे सगळं हवेवर होत नाही. ती दुसरी भाकर मागते तेव्हा ती हावरटपणा करत नसते. तिचं शरीर वाढीला सामान मागत असतं.

आमच्या शाळेतलीच एक चौथीतली मुलगी घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा असते. अकोला-अमरावतीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, मग दुसरं करणार काय! ही मुलगी नऊ वाजल्यापासून चुळबुळ करायची. कुणाच्या दप्तरातलं बोर मागायची, कुणाचं बिस्किट. मुलंही तिला खादाडच म्हणू लागली होती. एक दिवस विचारलं, “सकाळी काय खाल्लं गं?” म्हणाली, “काही नाही, चा पेली.” रात्री किती वाजता जेवलीस? आठ वाजता. आता बोटं मोजा. रात्री आठ ते सकाळी दहा, चौदा तास! एवढ्या वेळात पोटात काय गेलं, तर कपभर चहा. आई पहाटेच निंदणाला जायची, बाबा भाजीबाजारात हमालीला. कुणाचा दोष काढावा? तिच्या आईशी बोलणं झालं आणि रात्रीच एक भाकर जास्तीची टाकून ठेवायची असं ठरलं. मुलगी सकाळी ती स्वतः कुस्करून, तेल-तिखट-मीठ-कांदा घालून खाऊ लागली. गाजावाजा न होता तिची ‘खोड’ गेली.

म्हणून ‘सारखं खायला काय मागतोस?’ असं रागावण्याआधी ‘शेवटचं पोटभर कधी खाल्लंस?’ एवढं विचारा. बरेचदा उत्तर तिथेच सापडतं.

शाळेतल्या पोषण आहाराची गोष्टही हीच आहे. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तुमच्यापैकी कुणाच्या आई-बाबांनी तो पिशवीत भरून नेला असेल, विचारून पाहा. पण तांदूळ घरी गेला की तो सगळ्या घराचा होतो, शाळेतल्या पोराच्या वाट्याला मूठभर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलं अन्न शाळेतच द्या असा आदेश दिला आणि मग शाळेच्या आवारात खिचडीचं पातेलं चढलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलेलं आहे. तेव्हा ‘आम्ही नाही बाई शाळेची खिचडी खात’ म्हणून नाक मुरडून मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर पळू नका. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कुपोषणाने किती बाळं गेली, हे नव्वदच्या दशकात साऱ्या देशाने वाचलं आहे. खिचडीच्या त्या ताटाचं मोल तिथे विचारावं.

ही झाली खरी भूक. आता दुसरी.

चार वाजता शाळेतून आलात, पोळी-भाजी खाल्लीत, पोट भरलं. टीव्ही लावला किंवा आईचा मोबाईल हाती घेतला, आणि दहा मिनिटांत तोंड म्हणतं, ‘काहीतरी पाहिजे.’ तुम्ही डबे उघडता. शेव आहे, चिवडा आहे, नसेल तर साखरच तोंडात टाकता. ही भूक कुणाची? पोट तर भरलेलं आहे!

ही ओळखायची माझी एक परीक्षा आहे. भूक लागली असं वाटलं की स्वतःला विचारायचं, ‘आत्ता कोरडी भाकर आणि मीठ-कांदा दिला तर खाईन का?’ ‘हो, आण लवकर!’ असं उत्तर आलं तर भूक पोटाची. सरळ जेवायला बसा. ‘भाकर नको, ते लाल मसाल्याचं कुरकुरीत पाकीटच पाहिजे’ असं आलं तर ती जिभेची. वर्गात पन्नास मुलांना विचारलं की पन्नास मुलं खरं उत्तर देतात. जीभ इथे खोटं बोलू शकत नाही.

जिभेची भूक वाईट असते असं मी म्हणत नाही बरं का. अमरावतीत राहून गिलावडा खाल्ला नाही, किंवा शेगावला जाऊन कचोरी खाल्ली नाही, तर काय मजा! पण ती रोज चार वाजता, ठरल्यासारखी आली की तिचं कारण शोधायला हवं.

एक कारण म्हणजे आपल्या पोटाला घड्याळ कळतं. १९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारं एक द्रव्य शोधलं. त्याचं नाव घ्रेलिन. ते रक्तातून मेंदूकडे जातं आणि भुकेची वर्दी देतं. आपण नेहमी ज्या वेळी खातो, त्या वेळेच्या जरा आधी ते वाढतं आणि खाल्ल्यावर उतरतं. म्हणजे आठ दिवस रोज चारला वेफर्स खाल्लेत की नवव्या दिवशी पोट चारच्या आधीच दारात उभं! ही सवय आपणच लावलेली असते आणि आपणच हळूहळू मोडू शकतो. भुकेची कळ लाटेसारखी असते हे वर पाहिलंच. पेलाभर पाणी प्यावं, अंगणात दोरीवरच्या शंभर उड्या माराव्यात, तोवर लाट ओसरलेली असते. नाही ओसरली तर ती खरी भूक, मग खावं.

दुसरं कारण झोप. शिकागोला २००४ साली काही तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दहा-दहा तास. कमी झोपेनंतर त्यांची भूक सुमारे २४ टक्क्यांनी वाढली होती. खाऊनही समाधान नाही असं वाटत असेल, तर रात्री मोबाईल किती वाजेपर्यंत चालतो तेही पाहा.

आणि तिसरं कारण ते पाकीट. अमेरिकेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० मोठ्या माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद छापाचं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, ताज्या पदार्थांचं जेवण. दोन्हींत साखर, मीठ, तेल सारखंच ठेवलं होतं. हवं तेवढं खा, अशी मुभा होती. तरी पाकीटवाल्या दिवसांत ती माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोंडात विरघळणारं खाणं निरोप पोचायच्या आतच संपून जातं, आणि हात दुसऱ्या पाकिटाकडे जातो.

याच्या उलट काही पदार्थ पोटात ठाण मांडून बसतात. सिडनीच्या विद्यापीठात १९९५ साली ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने खायला देऊन कोण किती वेळ पोट भरल्यासारखं ठेवतं ते तपासलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. पहिला आला उकडलेला बटाटा, ३२३ गुण! त्या यादीत आपली ज्वारीची भाकर नव्हती. असती तर तिनेही बऱ्यापैकी नंबर काढला असता, असं माझं आपलं मत. तिला चावावं लागतं, आणि सोबत डाळ असली तर दोन-तीन तास पोट गप्प बसतं. अकोल्याच्या डाळमिली काही उगीच नावाजलेल्या नाहीत!

संध्याकाळच्या भुकेला काय खावं? फुटाणे-गूळ, शेंगदाणे, उकडलेली मटकी, मुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो, फोडणीची भाकर. हिवाळ्यात ओल्या हरभऱ्याचे घाटे, पेरू, बोरं. वरूड-मोर्शीकडच्यांना तर संत्री दारातच. आणि खाताना बसून खा, टीव्हीकडे पाठ करून.

एक गणितही करा. खाऊच्या पाकिटावर निव्वळ वजन छापलेलं असतं. समजा पाकीट ५ रुपयांचं आणि आत माल १० ग्रॅम. तर किलोला किती रुपये पडले? आता आईबरोबर आठवडी बाजारात जा आणि बटाट्याचा आणि फुटाण्याचा भाव विचारून या. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहा. मी सांगत नाही काय दिसतं ते.

पालकांनो, एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मूल खूप खातंय तरी वाळत चाललंय, सारखी तहान लागते, रात्री लघवीला वारंवार उठतं, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो आणि त्याची लक्षणं अशीच असतात. त्याला उशीर चालत नाही. पोटात जंत असले तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. शाळेत जंतनाशक दिवसाला गोळी देतात, ती मुलाला घेऊ द्या. २०१५ साली ही मोहीम सुरू झाली. त्या दिवशी भीतीने मुलांना घरी ठेवू नका.

तर मुलांनो, या आठवड्यापुरती एक ‘भुकेची वही’ करा. पाठकोऱ्या कागदांची चालेल. भूक लागली की वेळ लिहायची, शेवटचं कधी खाल्लं ते लिहायचं, भाकरीच्या परीक्षेचं उत्तर लिहायचं आणि शेवटी काय खाल्लं ते. खरं खरं लिहा, गुण द्यायचे नाहीत. सात दिवसांनी ती वही आईला किंवा बाबांना वाचून दाखवा, आणि तुमच्या वहीतलं एक पान मला पोस्टाने पाठवा. शेजारच्या बाकावरचा कुणी रोज काही न खाताच शाळेत येतो असं वहीच्या निमित्ताने कळलं, तर त्याचं नाव कागदावर लिहू नका. तुमच्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या कानात हळूच सांगा.