पदवीसाठी महाविद्यालय निवडताना

मराठी विषय घेऊन पदवी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तालुक्याचे लहान महाविद्यालय निवडावे की शहरातील मोठे विद्यापीठ? माझ्या मते, पदवीपुरते तरी तालुक्याचे महाविद्यालय उजवे. लहान वर्गात अध्यापक प्रत्येकाचा निबंध स्वतः वाचतो, फसलेले वाक्य विद्यार्थ्याला समोर बसवून दुरुस्त करून घेतो. शिवाय खानदेशात अहिराणी, तळकोकणात मालवणी महाविद्यालयाच्या आवारातच कानी पडते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात केलेल्या मराठी बोलींच्या पाहणीत कुडाळी आणि महाडची कुणबी यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. अशी सामग्री तेथील विद्यार्थ्याला घरीच उपलब्ध असते. शहरातील वर्गात हाच विद्यार्थी ‘शुद्ध’ बोलण्याच्या धास्तीने गप्प बसतो आणि हळूहळू आपली बोली लपवू लागतो. (शुद्धतेचा हा धाक घालणारे बहुधा भाषाविज्ञान शिकलेले नसतात.)

लहान महाविद्यालयाची उणीव मात्र मोठी आहे. साहित्यशास्त्रापासून ध्वनिविचारापर्यंत सारे एकाच अध्यापकाला शिकवावे लागते, आणि ग्रंथालयात जुनी नियतकालिके क्वचितच सापडतात. म्हणून पदव्युत्तर अभ्यासासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारखी संस्था गाठावी. जाताना आपल्या बोलीतील शब्दांची एक वही सोबत न्यावी. तेथील अध्यापक ती आवर्जून मागतील.