स्नायूंपलीकडचा आजार

मोटर न्यूरॉन आजार म्हणजे केवळ स्नायूंची झीज, हा समज आता सोडून द्यायला हवा. 2011 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय तपासले, तेव्हा विसंगत वाटणारे चित्र समोर आले. मेंदूच्या भागांना जोडणारे तंतुमार्ग क्षीण झाले होते. त्या भागांच्या कार्यातील परस्परसंबंध मात्र वाढलेला होता. ही वाढ सामर्थ्याची खूण नव्हती. ज्यांचा आजार वेगाने बळावत होता, त्यांच्यात ती अधिक आढळली. चेतापेशींना आवर घालणाऱ्या पेशीच नष्ट होत असाव्यात, असा त्यामागचा एक तर्क आहे.

याचा अर्थ घरोघरी पोहोचायला हवा. जवळपास निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत वा वागणुकीत कमी-अधिक बदल होतो. उदासीन, चिडखोर झालेला माणूस घरच्यांना हट्टी वाटतो. तो आजाराचाच भाग असू शकतो. उरलेल्यांची बुद्धी शाबूत असते. बोलता येत नाही म्हणून त्यांना समजत नाही, असे मानणे हाही तितकाच अन्याय.

1970 साली मद्रासच्या डॉक्टरांनी या आजाराचा एक वेगळा प्रकार नोंदवला. तो आजही त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. बारकाईने पाहण्याची अशी परंपरा असलेल्या देशात हातापायांची ताकद मोजताना मनाची तपासणी राहून जाऊ नये. ती रुग्णाच्या मातृभाषेत व्हावी आणि वेळेत व्हावी. पुढे अनेकांची वाचा जाते. उपचारांबाबतची त्यांची इच्छा विचारायची ती त्याआधीच.