जड आणि हलके

माडावरून सुकी झावळी सुटली की ती हेलकावे खात सावकाश खाली येते. आणि त्याच माडाचा नारळ सुटला तर आपण मान वर करण्यापूर्वीच तो मातीत रुतलेला असतो. हे नित्य पाहणाऱ्या मनुष्यास ‘जड वस्तू अधिक वेगाने पडते’ असे वाटले, तर त्यात त्याचा दोष तो काय? थोर ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचेही मत हेच होते. वजन दुप्पट तर वेग दुप्पट, असा त्याचा हिशेब. आणि विद्वानांत तो शतकानुशतके बहुधा प्रमाण मानला गेला.

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मतास छेद दिला. हवाच नसेल तर जड व हलक्या साऱ्या वस्तू बरोबरच पडतील, असे त्याने प्रतिपादन केले. शिवाय पडताना वेग कसा वाढतो याचाही नियम सांगितला : पहिल्या क्षणात वस्तू एक हात पडली, तर दुसऱ्या क्षणात तीन हात, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकले, ही कथा त्याच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. इतिहासकारांस तिच्याविषयी शंका आहे. दुसऱ्या एका मनोऱ्याची हकिगत मात्र शंकातीत आहे, आणि ती आपल्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असावी.

इटलीतील बोलोन्या शहरात आसिनेल्ली नावाचा सुमारे ९७ मीटर उंचीचा मनोरा आजही उभा आहे. सतराव्या शतकात त्या शहरी जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे येशूसंघीय धर्मगुरू राहत असत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे गॅलिलिओचे मत त्यांस मान्य नव्हते. (त्या वादात गॅलिलिओच बरोबर होता, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे.) पडणाऱ्या वस्तूंविषयीचा त्याचा नियमही खोटा ठरेल, अशी रिच्चोलींची अटकळ होती. परंतु अटकळीवर न विसंबता ते मनोऱ्याच्या पायऱ्या चढले.

त्या काळी सेकंद मोजणारे विश्वसनीय घड्याळ नव्हते. म्हणून प्रथम लंबक सिद्ध करणे आले. दर सेकंदास एक झोका घेणारा लंबक त्यांस हवा होता. १६४२ साली सहकारी धर्मगुरूंच्या साह्याने त्यांनी एका लंबकाचे चोवीस तासांचे झोके पाळीपाळीने मोजले. हिशेबाने ते ८६,४०० व्हावयास हवे होते, भरले ८७,९९८. एवढ्या दीर्घ जागरणानंतर दुसरा कोणी समाधान मानता. पण रिच्चोलींस तेवढाही फरक खटकला! पुढे सेकंदात सहा झोके घेणारा लहान लंबक त्यांनी वापरला, आणि त्या भरभर झोक्यांची गणती चुकू नये म्हणून ते झोके सुरात म्हणून मोजले जात.

मग निरनिराळ्या उंचीवरून मातीचे गोळे सोडण्यात आले. फादर ग्रिमाल्दी हे त्यांचे या कामातील मुख्य साथी. निष्कर्ष निघाला तो अटकळीच्या उलट : एक, तीन, पाच, सात हेच प्रमाण जमत होते. दोघे धर्मगुरू स्वतः जाऊन ही वार्ता गॅलिलिओचे अनुयायी काव्हालिएरी यांस सांगून आले, आणि १६५१ साली रिच्चोलींनी सारी मापे आपल्या बृहद्ग्रंथात छापली.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. एकाच आकाराचे दोन गोळे, एक भरीव व दुसरा पोकळ, एकदम सोडले असता भरीव गोळा प्रथम भूमीस लागे आणि पोकळ गोळा तेव्हा अजून काही फूट वर असे. मग ॲरिस्टॉटल बरोबर ठरला काय? मुळीच नाही. त्याच्या हिशेबाने निम्म्या वजनाचा गोळा तेव्हा अर्ध्या वाटेवर असावयास हवा होता.

या थोड्या फरकाचे कारण हवा. जड वस्तूस पृथ्वी अधिक जोराने ओढते हे खरे. पण जड वस्तूस हलविण्यासही त्याच प्रमाणात अधिक जोर लागतो. भरलेली बैलगाडी रिकाम्या गाडीइतक्या सहज चालू होते काय? हे दोन्ही जमाखर्च बरोबर फिटतात, म्हणून निव्वळ वजनाने वेगात फरक पडत नाही. हवेचा अडथळा मात्र वजन पाहत नाही. तो वस्तूचा आकार आणि वेग पाहतो. एकाच आकाराच्या व एकाच वेगाने पडणाऱ्या दोन गोळ्यांवर तो सारखाच असतो, आणि सारखा अडथळा हलक्यास अधिक भोवतो. झावळी तर हलकी असून पसरटही. नारळ जड आणि आटोपशीर. (माडाखाली खाट टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की वीस मीटरांवरून सुटलेला नारळ दोनएक सेकंदांत खाली येतो.)

वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो, आणि अखेर तो वजनाशी बरोबरी करतो. त्यापुढे वेग वाढत नाही. दोन किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब, हवा नसती तर, ताशी सुमारे सातशे किलोमीटर वेगाने आपल्या भातरोपांवर आदळता. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही ताशी तीस-पस्तीस किलोमीटरांच्या फारसा पुढे जात नाही.

चंद्रावर हवेचा असा अडथळा नाही. तेथे १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा व दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच क्षणी जमिनीस टेकली.

आपणांस चंद्रावर जाण्याचे कारण नाही. मोठेसे नाणे घ्यावे. त्याहून किंचित लहान कागदाचा तुकडा गोल कापावा. दोन्ही निरनिराळ्या हातांतून सोडल्यास कागद मागे राहील. मग कागद नाण्याच्या पाठीवर सपाट ठेवून नाणे आडवे सोडावे. वाट करून देण्यास नाणे पुढे असल्याने कागद त्याची पाठ न सोडता खाली येतो. मुलांस करावयास सांगावे. मात्र कागदाची कड नाण्याबाहेर डोकावता कामा नये.