आत्या आणि माझी एक्सेल शीट

घरी पाहुणा येणार म्हटलं की तुम्ही काय करता? चादरी बदलता, फ्रिज भरता, बाथरूममधल्या शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या फेकता. बरोबर? मी एक्सेल शीट केली. आयटीतली बाई, दुसरं काय करणार! उभे कॉलम तारखांचे, आडव्या ओळी सकाळ-दुपार-संध्याकाळच्या, आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग. शीटचं नाव ‘आत्या_फायनल_२’.

आत्या म्हणजे डोंबिवलीची आत्या. वय ६९. काका तीन वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदाच आमच्याकडे सिंगापूरला आली. गणपती साधून नऊ दिवस. तिकीट तिनेच तीन महिने आधी, स्वस्तात काढलं होतं. ‘तुला जमेल ना गं?’ असं फोनवर विचारलं, तेव्हा मी ‘अगं, ये की बिनधास्त!’ म्हणून मोकळी झाले. त्याच आठवड्यात आमच्या बँकेची नवी सिस्टिम लाइव्ह जाणार, नीरजला जकार्ताला जावं लागणार आणि ईराच्या शाळेत टेस्ट असणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक? इथे पहिलीतल्या पोरांनाही दर आठवड्याला स्पेलिंगची टेस्ट असते. आणि गणेशचतुर्थीची सुट्टी नसते. आपल्या सणांपैकी सुट्टी फक्त दिवाळीची.

तर रविवारी शीटप्रमाणे ‘गार्डन्स बाय द बे’. तिथल्या एका काचेच्या घरात ३५ मीटर उंचीचा धबधबा आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. आत्याने मान वर करून विचारलं, ‘चोवीस तास चालू? एवढं पाणी आणतात कुठून?’

मी जोरात माहिती दिली. या बेटाला स्वतःचं पाणी पुरत नाही. काही सांडपाणी शुद्ध करून वापरतात, काही समुद्राचं गोडं करतात आणि बरंचसं मलेशियातून पाइपने येतं. १९६२ चा करार आहे, २०६१ पर्यंत.

‘नव्याण्णव वर्षं! आणि भाव?’

‘तोही करारातच आहे. हजार गॅलनला तीन सेंट, त्यांचे मलेशियन.’

‘हुशार आहेत,’ आत्या म्हणाली. ‘सगळं लिहून घेतलं.’ मग थोड्या वेळाने, ‘तुला सवड झाली की एक कागद दाखवायचाय.’

‘दाखव ना, घरी गेल्यावर,’ मी म्हटलं. घरी गेल्यावर बॉसचा कॉल आला. कॉल संपला तेव्हा ती झोपली होती.

सोमवारी ईराची शाळा साडेसातची, म्हणजे आम्ही पावणेसातला घराबाहेर. आत्याने घड्याळ डोंबिवलीच्याच वेळेवर ठेवलेलं, अडीच तास मागे. आम्ही निघालो तेव्हा तिच्या मनगटावर सव्वाचार वाजले होते. उठली तेव्हा घर रिकामं आणि फ्रिजवर माझी चिठ्ठी: ‘उपमा मायक्रोवेव्हमध्ये. एकटी बाहेर जाऊ नकोस. टीव्हीवर मराठी चॅनेल लागतं.’ आता ही चिठ्ठी वाचवत नाही मला. पण तेव्हा आपण किती काळजी घेतोय असंच वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला घरी आले तर आत्या नाही. तिचा मोबाइल बेडरूममध्ये चार्जिंगला. बाथरूम, बाल्कनी, लिफ्टसमोरचा पॅसेज, सगळं पाहिलं. सिंगापुरात आमच्यासारख्या सरकारी बिल्डिंगना तळमजल्यावर घरं नसतात, नुसती मोकळी जागा असते. तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथेही चार चिनी आज्या हातवारे करत व्यायाम करत होत्या, आत्या नाही. नीरज जकार्तात, ईरा पाळणाघरात आणि माझ्या पोटात गोळा. पोलिसांना फोन करायचा म्हणजे वर्णन काय सांगायचं? नऊवारी की पाचवारी एवढंही आठवेना. (आत्याने गेली वीस वर्षं पंजाबी ड्रेसशिवाय काही घातलेलं नाही.)

सव्वासातला बाहेर पीं-पीं आवाज आला. कुणीतरी डिजिटल लॉकचे आकडे दाबत होतं. दार उघडलं आणि आत्या आत. एका हातात केळीची पानं, दुसऱ्यात नारळाची पिशवी.

‘लिटल इंडियाला गेले होते. इथून नववं स्टेशन. जांभळी लाइन, बदलायची भानगड नाही.’

‘अगं पण कशी? कार्ड? पैसे?’

‘कार्ड तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं. डॉलर मी डोंबिवलीहून बदलून आणलेत.’

मी बघतच राहिले. मग तिनेच समजावलं. ३१ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलेल्या बाईला मेट्रोची कसली भीती? ‘गाडी रिकामी होती गं. दाराशी उभं राहून वारा खावा म्हटलं तर दारं बंद.’ दूर्वांची गोष्ट त्याहून भारी. म्हशीच्या नावाची एक गल्ली आहे तिथे, बफेलो रोड, भाज्या आणि फुलांच्या दुकानांची. दुकानदार तमिळ, ही मराठी. हिने नाकासमोर हाताची सोंड करून दाखवली. तो लगेच ‘अरुगम्पुल!’ म्हणाला आणि जुडी काढून दिली. त्यांच्या पिळ्ळैयारलाही तीच लागते. वर हिने तिथल्याच एका टपरीवर ‘ते सी कोसोंग’ म्हणजे टिनच्या दुधाचा बिनसाखरेचा चहा प्यायला. नाव रांगेतल्या पुढच्या माणसाने शिकवलं. मी इथे नऊ वर्षं आहे आणि अजून बोट दाखवून चहा मागते.

‘आणि दाराचा पिन?’

‘ईराने सांगितला,’ आत्या म्हणाली. नारळ ओट्यावर ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता. ‘तू नाही सांगितलास.’

मला २००५ आठवलं. इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि मी साताऱ्याहून एक सुटकेस घेऊन तिच्या वन रूम किचनमध्ये दाखल झाले. त्या आठवड्यात आत्याच्या ऑफिसात ऑडिट होतं आणि काकांची आई हॉस्पिटलात. मला स्टेशनवर घ्यायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. रात्री नऊला ती घरी आली, पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ‘ही तुझी. पाणी सहा ते सात. दूध साडेपाचला, पातेलं बाहेर ठेवायचं. आता कोथिंबीर निवड.’ बस्स. ना शीट, ना चिठ्ठी. चार वर्षं राहिले मी तिथे, फोल्डिंगच्या कॉटवर.

बुधवारी अर्धी रजा टाकली. आत्याने पहाटे पाचला उठून उकडीचे मोदक केले. मनगटावरचं घड्याळ त्या दिवशी पुढे केलेलं होतं. आरती आम्ही तिघींनी केली, नीरजने व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या, नेहमीप्रमाणे अर्धा सेकंद उशिरा. दीड दिवसाने शाडूची मूर्ती बादलीत विसर्जन. पाळणाघर तिने तीन दिवस बंदच करून टाकलं. ईराला शाळेतून तीच आणायची आणि हिंदीच्या वेलांट्या घोटून घ्यायची. (इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही, म्हणून हिंदी.) या धबडग्यात कागदाचा विषय आणखी दोनदा निघाला. दोन्ही वेळा मी लॅपटॉपमधून मान वर न करता ‘वीकेंडला नक्की’ म्हटलं. वीकेंडला आमचं गो-लाइव्ह आहे, हे मला माहीत होतं. तिलाही.

शुक्रवारी रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर डायनिंग टेबलवर आत्या. चष्मा, पेन्सिल आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ४२ पानं. तिची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती. दिवाळीच्या आत जागा खाली करायची, बिल्डर भाडं देणार, नवी बिल्डिंग झाली की मोठा फ्लॅट. ॲग्रीमेंटचा मसुदा वाचून सही करायला सोसायटीने महिनाभर दिलेला. चोवीस बिऱ्हाडांतल्या बहुतेकांनी शेवटचं पान उघडून सह्यासुद्धा ठोकल्या होत्या.

‘बस,’ ती म्हणाली. ‘पान नऊ वाच. मग पान सतरा.’

पान नऊवर ताबा ३६ महिन्यांत, वर सहा महिन्यांची सवलत. पान सतरावर भाडं २४ महिने. मी दोनदा वाचलं. मधल्या बारा महिन्यांचं, ताणलं तर अठरा महिन्यांचं भाडं कोण देणार, कुठेच नव्हतं. खरं तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच हातात, असं लिहून घ्यायला हवं. बँक गॅरंटी किती, याची जागाही कोरी होती. पेन्सिलची बारीक रेघ या तिन्ही ठिकाणी आधीपासूनच होती.

‘अगं, तुला कळलंय की सगळं!’

‘कळलंय. पण सेक्रेटरी म्हणतो, मावशी, तुम्ही कशाला टेन्शन घेता. दोन मीटिंगा झाल्या, मी बोलायला उठले की सगळे हसतात. काका असते तर रात्री त्यांना विचारलं असतं, मी वाचतेय ते बरोबर आहे ना? तेवढंच विचारायचं होतं तुला.’

मी लॅपटॉप बंद केला. अडीच वाजेपर्यंत आम्ही ४२ पानं वाचली, एकेक कलम, मोठ्याने. हरकतींचं पत्र मी टाइप केलं, भाषा तिची. मध्येच मी भावनेच्या भरात म्हणाले, ‘तीन वर्षं भाड्याच्या घरात कशाला, इथेच ये राहायला!’ तिने विचारलं, ‘व्हिसा?’ टुरिस्टला मिळतात तीस दिवस. आई-वडिलांसाठी लाँग टर्म पास मागता येतो, आत्या हे नातं त्या फॉर्मवर नाही. मी गप्प बसले. तीच म्हणाली, ‘स्टेशनजवळ एक खोली बघून ठेवलीय. तिथे तुझी कॉट मावते.’

शनिवारी सिस्टिम लाइव्ह गेली. दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. रविवारी चांगीला आत्याला सोडलं. शीटमधले सेंटोसा, बोटॅनिक गार्डन, मर्लायन सगळे चौकोन तसेच कोरे. मेट्रोचं कार्ड परत द्यायला तिने पर्स उघडली आणि विचारलं, ‘हे किती दिवस चालतं?’

‘पाच वर्षं.’

‘मग राहू दे माझ्याकडे,’ म्हणाली आणि पर्स बंद केली.

पुढच्या रविवारी तिचा मेसेज आला. ‘मीटिंग झाली. पान ९ आणि पान १७ मोठ्याने वाचून दाखवलं. आधी कुणी हसलं नाही, मग कुणी बोललं नाही. बिल्डरच्या माणसाने पाणी मागितलं. सातच्या आत मागितलं म्हणून मिळालं.’